प्रोग्रॅम लिहून टीव्ही चालवायचा, तर आत नेमकं काय घडतं?

टीव्हीचा आवाज आत्ता किती आहे, हे तुमच्या हातातल्या रिमोटला माहीत नसतं. टीव्ही चालू आहे की बंद, हेही माहीत नसतं. बटण दाबलं की रिमोटच्या टोकाचा छोटा दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो. हा प्रकाश सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या लांब-आखूड तुकड्यांत एक आकडा दडलेला असतो. टीव्हीने तो वाचला तर वाचला. उलट काहीच येत नाही. चालू करायला आणि बंद करायला बहुतेक रिमोटवर एकच बटण असतं, म्हणजे संकेतही एकच. काम झालं की नाही हे पडद्याकडे बघून माणूस ठरवतो आणि गरज पडली तर पुन्हा दाबतो.

प्रोग्रॅमची अडचण इथेच आहे. सकाळी सहा वाजता टीव्ही लावून बातम्या सुरू करायचं काम प्रोग्रॅमला दिलं आणि त्याने फक्त बटणाचा संकेत फेकला, तर आधीपासून चालू असलेला टीव्ही बंद होईल आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागणार नाही. सांगितलेल्या कामाचं पुढे काय झालं हे त्याला कळायला हवं. आजचे बरेच स्मार्ट टीव्ही घरच्या वायफायवरून तशी सोय देतात आणि ती वापरायला सोपी करणाऱ्या लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेले आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारे प्रोग्रॅमचे तुकडे, फुकट मिळतात. पडद्यामागे काय चालतं, हे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही समजावं म्हणून हा लेख. उदाहरणासाठी मी एलजीचे वेबओएस टीव्ही घेतले आहेत, कारण त्यांचे निरोप नुसते वाचूनही समजतात.

एकतर्फी रिमोटची परंपरा मात्र जुनी आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५० मध्ये 'लेझी बोन्स' नावाचा रिमोट आणला, तो वायरने टीव्हीला जोडलेला असे. १९५५ मध्ये त्याच कंपनीच्या युजीन पॉली यांनी 'फ्लॅश-मॅटिक' केला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे भाग बसवलेले असत आणि हातातल्या टॉर्चसारख्या यंत्राने त्यांतल्या एकावर झोत टाकायचा. खिडकीतून ऊन आलं तरी चॅनेल बदलत असे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांचा 'स्पेस कमांड' आला. त्यात बॅटरीच नव्हती. बटण दाबलं की छोटा हातोडा ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायचा आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा. नंतर अवरक्त प्रकाश आला आणि तो आजतागायत टिकला. या सगळ्यांत टीव्ही फक्त ऐकत होता.

टीव्हीच्या आत एक सर्व्हर बसलेला असतो

स्मार्ट टीव्ही म्हणजे मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर. वेबओएस ही मुळात पाम कंपनीने मोबाइलसाठी केलेली, लिनक्सवर उभी असलेली प्रणाली. २०१० मध्ये पाम एचपीकडे गेली, २०१३ मध्ये एलजीने वेबओएस घेतली आणि २०१४ पासून ती एलजीच्या टीव्हींमध्ये दिसू लागली. या टीव्हीमध्ये एक सर्व्हर प्रोग्रॅम सतत चालू असतो आणि कुणी बोलायला येतंय का, याची वाट बघत असतो. तो ३००० आणि ३००१ या दोन पोर्टांवर ऐकतो. एका यंत्रात अनेक सेवा चालू असतात, त्यामुळे आलेला निरोप कुठल्या सेवेसाठी आहे हे सांगणारा एक क्रमांक लागतो. त्यालाच पोर्ट म्हणतात. ३००० वरचं बोलणं उघड असतं, ३००१ वरचं कूटबद्ध. सॉफ्टवेअर अपडेटनंतर काही टीव्हींनी ३००० वरून बोलणं नाकारायला सुरुवात केली. जुने प्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या हौशी लोकांसाठी हा सर्व्हर ठेवलेला नाही. कंपनीच्या स्वतःच्या मोबाइल ॲपला टीव्ही चालवता यावा म्हणून तो आहे. मोबाइल ॲप जे निरोप पाठवतं, तेच निरोप तुमच्या लॅपटॉपवरचा पंधरा ओळींचा प्रोग्रॅमही पाठवू शकतो. निरोप आले ते मोबाइलमधून की लॅपटॉपमधून, याने टीव्हीला फरक पडत नाही. शिवाय ॲप बनवणाऱ्यांसाठी एलजीने 'कनेक्ट एसडीके' नावाचा संच मुक्त स्रोत म्हणून खुला केला होता, त्यामुळे या निरोपांचा नमुना कुणालाही वाचता आला. आज पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'पायवेबओएसटीव्ही' आणि 'एआयओवेबओएसटीव्ही', तर जावास्क्रिप्ट भाषेतले प्रोग्रॅम चालवणाऱ्या नोडसाठी 'एलजीटीव्ही२' अशा लायब्ऱ्या आहेत. त्या लिहिणारे बहुतेक लोक हे काम स्वतःच्या वेळात करतात. त्यांचं ऋण मला फार मोठं वाटतं.

आधी टीव्ही सापडला पाहिजे. घरच्या राउटरने प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता दिलेला असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तो दिसतो. पण प्रोग्रॅमला तो स्वतः शोधायचा असेल, तर तो २३९.२५५.२५५.२५० या ठरावीक पत्त्याच्या १९०० क्रमांकाच्या पोर्टवर एक हाळी देतो : 'अशी अशी सेवा देणारं कुणी आहे का?' हा पत्ता कुठल्याही एका यंत्राचा नाही. त्यावर पाठवलेलं त्याकडे कान लावून बसलेल्या सगळ्या यंत्रांपर्यंत जातं आणि ज्याच्याकडे ती सेवा आहे ते स्वतःचा पत्ता कळवतं. टीव्ही पाहुण्यांच्या वायफायला जोडलेला असेल, तर राउटर यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवतो आणि ही हाळी पोचतच नाही. 'टीव्ही सापडत नाही' अशी तक्रार आली की आधी हे तपासावं. राउटर दिलेला पत्ता काही दिवसांनी बदलूही शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीसाठी एक पत्ता राखून ठेवला की ही कटकट संपते.

परवानगी

पत्ता मिळाला म्हणजे टीव्ही ताब्यात आला असं नाही. पहिल्यांदा जोडणी करताना प्रोग्रॅम एक नोंदणीचा निरोप पाठवतो. त्यात स्वतःची ओळख आणि हव्या असलेल्या परवानग्यांची यादी असते : आवाज कमी-जास्त करणं, टीव्ही बंद करणं, ॲप उघडणं, कुठली ॲप्स बसवलेली आहेत ते वाचणं, पडद्यावर सूचना दाखवणं. मग टीव्हीच्या पडद्यावर प्रश्न येतो की या यंत्राला जोडू द्यायचं का. घरातल्या कुणीतरी हातातल्या रिमोटने 'हो' म्हणायचं. तसं झालं की टीव्ही अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ प्रोग्रॅमला पाठवतो. ही किल्ली. पुढच्या वेळी प्रोग्रॅम ती दाखवतो आणि टीव्ही पुन्हा न विचारता आत घेतो.

या सगळ्या व्यवस्थेत मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टीव्हीसमोर प्रत्यक्ष असलेल्या माणसाच्या होकारावर पुढचं सगळं उभं आहे. रस्त्यावरून कुणी तुमच्या वायफायमध्ये शिरलं तरी सोफ्यावर बसून 'हो' दाबणारा माणूस त्याच्याकडे नसतो. पण त्यात एक उणीवही आहे. प्रोग्रॅमने मागितलेल्या परवानग्यांची पूर्ण यादी पडद्यावर दिसत नाही, तिथे फक्त हो की नाही एवढंच असतं. आणि बऱ्याच लायब्ऱ्या सोयीसाठी भलीमोठी यादी एकदमच मागतात. नुसता आवाज कमी करणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती टीव्ही बंद करण्याचा हक्कही जातो.

किल्ली तुमच्या कॉम्प्युटरवर एका साध्या फाइलमध्ये साठवली जाते. प्रोग्रॅम इंटरनेटवर इतरांना वाचायला ठेवणारे पुष्कळ जण ही फाइलही नकळत सोबत चढवतात. असं अजिबात करू नये.

निरोप कसा दिसतो

आता बोलणं सुरू होतं. ते वेबसॉकेट नावाच्या पद्धतीने चालतं, जी २०११ मध्ये प्रमाण म्हणून ठरली. साध्या वेबपेजमध्ये आपण मागतो, उत्तर येतं आणि विषय संपतो. वेबसॉकेटमध्ये जोडणी उघडीच राहते आणि दोन्ही बाजूंपैकी कुणीही कधीही बोलू शकतं. दोन्ही बाजूंनी येणारा मजकूर जेसन नावाच्या साध्या पद्धतीने, नाव आणि त्यापुढे किंमत अशा जोड्यांत लिहिलेला असतो.

समजा आवाज १८ वर आणायचा आहे. निरोपात चार गोष्टी असतात. पहिली प्रकार : ही एक विनंती आहे. दुसरी क्रमांक, समजा ७. तिसरी कामाचा पत्ता, जो 'एसएसएपी://ऑडिओ/सेटव्हॉल्युम' असा काहीसा दिसतो. चौथा तपशील : व्हॉल्युम १८. टीव्ही ते करतो आणि उत्तर पाठवतो, त्यात तोच ७ क्रमांक असतो आणि काम झालं की नाही ते असतं.

हा क्रमांक कशाला? प्रोग्रॅमने एकापाठोपाठ तीन गोष्टी विचारल्या : आवाज किती, कुठलं ॲप उघडं आहे, कुठली इनपुट्स उपलब्ध आहेत. तिघांची उत्तरं त्याच क्रमाने येतील याची खात्री नाही. यादी गोळा करायला वेळ लागतो, आवाजाचं उत्तर चटकन येतं. शिवाय मधेच कुणी हातातल्या रिमोटने आवाज वाढवला, तर टीव्ही न विचारताही एक निरोप पाठवू शकतो. कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, हे क्रमांकावरून जुळवलं जातं. न विचारता येणारे हे निरोप हवे असतील तर प्रोग्रॅम तसं आधी नोंदवून ठेवतो, म्हणजे विनंतीऐवजी 'याबद्दल बदल झाला की कळवत राहा' अशा प्रकारचा निरोप पाठवतो. मग आवाज कुणीही, कसाही बदलला तरी प्रोग्रॅमला त्याच क्षणी कळतं.

वर-खाली-डावी-उजवी अशी बटणं मात्र या निरोपांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रोग्रॅम टीव्हीकडे वेगळी जोडणी मागतो, टीव्ही तिचा पत्ता देतो आणि त्या दुसऱ्या जोडणीवर जेसन नसतं, दोन ओळींचा साधा मजकूर असतो : प्रकार बटण, नाव 'अप'. माउसचा बाणही याच वाटेने हलवतात. एकाच टीव्हीशी बोलायला दोन जोडण्या आणि दोन वेगळ्या पद्धती.

लायब्ररीचं काम इथे कळतं. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला अर्ज लिहून देणारा माणूस आठवा. तुम्ही त्याला म्हणता, सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची आहेत. कुठला नमुना भरायचा, तिकीट कुठे लावायचं, सोबत काय जोडायचं, हे त्याला पाठ असतं. लायब्ररी तसंच करते. तुम्ही एका ओळीत 'आवाज १८ कर' लिहिता. निरोपाला क्रमांक देणं, जेसन बांधणं, किल्ली दाखवणं, उत्तर येईपर्यंत थांबणं, आलेलं उत्तर त्याच प्रश्नाला जोडणं, बटण असेल तर दुसरी जोडणी उघडणं, हे सगळं ती पाहते. टीव्हीच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल झाला की लायब्ररी सांभाळणारे तिच्यात बदल करतात आणि तुमची ती एक ओळ तशीच राहते. म्हणून लायब्ररी निवडताना तिच्यात किती सोयी आहेत यापेक्षा शेवटचा बदल कधी झाला ते आधी बघा. दोन-तीन वर्षं कुणी हात न लावलेली लायब्ररी नव्या टीव्हीवर चालण्याची शक्यता कमी.

एक मोठं बटण

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. टीव्ही रिमोटने चालतोच की.

घरातल्या आजोबांना कंपवात आहे असं समजा. स्मार्ट टीव्हीच्या रिमोटवर चाळीसेक बारीक बटणं. थरथरत्या बोटाने भलतंच दाबलं जातं, इनपुट बदलतं, पडदा निळा होतो आणि नातवाची शाळा सुटेपर्यंत टीव्ही तसाच. अशा घरात तळहाताएवढं एकच बटण लावता येतं. ते रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरला जोडायचं आणि बटण दाबलं की प्रोग्रॅमने टीव्ही ठरलेल्या अवस्थेत आणायचा : चालू, आवाज १८, बातम्यांचं ॲप उघडलेलं. आधी काय बिघडलं होतं याने काही फरक पडत नाही. आजोबांनी घाबरून तेच बटण पाच वेळा दाबलं तरी परिणाम तोच राहतो.

हा शेवटचा गुण आपोआप येत नाही, तो प्रोग्रॅम लिहिताना आणावा लागतो. 'आवाज दोनने वाढव' असं पाच वेळा सांगितलं तर आवाज दहाने वाढेल. 'आवाज १८ कर' पाच वेळा सांगितलं तर तो १८ च राहील. 'म्यूटचं बटण दाब' दोनदा सांगितलं तर म्यूट होऊन पुन्हा निघेल, पण 'म्यूट असू दे' कितीदाही सांगता येतं. बटणाच्या भाषेत विचार करणारा प्रोग्रॅम ठिसूळ असतो. टीव्ही शेवटी कसा असायला हवा ते सांगणारा प्रोग्रॅम टिकतो. नव्याने शिकणारे जवळजवळ सगळे बटणांपासून सुरुवात करतात, कारण रिमोटची सवय असते. लायब्ररीत दोन्ही सोयी असतील तर थेट अवस्था सांगणारी घ्यावी. बटणं मेन्यूत फिरण्यासाठी ठेवावीत. ॲप उघडायचं असेल, तर मेन्यूत चार वेळा उजवीकडे जाण्यापेक्षा ॲपचं अंतर्गत नाव सांगणं केव्हाही बरं. ही नावं कधीकधी अनपेक्षित असतात. वेबओएसवर यूट्यूबचं नाव 'यूट्यूब.लीनबॅक.व्ही४' आहे. बसवलेल्या ॲप्सची यादी टीव्हीलाच विचारली की ती मिळतात.

यात सर्वांत अवघड भाग निघतो तो टीव्ही चालू करणं. बंद करणं सोपं, कारण तेव्हा टीव्ही जागा असतो आणि निरोप ऐकतो. बंद असलेल्या टीव्हीतला सर्व्हर बोलणार कसा? इथे 'वेक-ऑन-लॅन' ही जुनी युक्ती उपयोगी पडते. एएमडी कंपनीने १९९५ च्या सुमारास ती ऑफिसातले कॉम्प्युटर दुरून उठवण्यासाठी मांडली. टीव्ही झोपलेला असला तरी त्याच्या नेटवर्कचा छोटा भाग अगदी थोड्या विजेवर जागा ठेवता येतो आणि तो येणाऱ्या माहितीत फक्त एकच नमुना शोधत बसतो : २५५ हा आकडा सहा वेळा आणि त्यानंतर स्वतःचा सहा बाइटचा हार्डवेअर पत्ता सलग १६ वेळा. एकूण १०२ बाइट. हा नमुना दिसला की तो बाकीच्या यंत्राला उठवतो. निरोप सहसा घरातल्या सगळ्या यंत्रांना उद्देशून पाठवतात, कारण झोपलेलं यंत्र आपल्या आयपी पत्त्याबद्दलच्या चौकशीला उत्तर देईल याचा भरवसा नसतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोबाइलवरून टीव्ही सुरू करण्याची सोय आधी चालू करावी लागते. ती बंद असेल तर १०२ बाइट हवेत विरतात.

आणि उठवल्यावर लगेच बोलता येत नाही. सर्व्हर जागा व्हायला काही सेकंद लागतात. म्हणून प्रोग्रॅमने दर सेकंदाला जोडणी करून बघावी आणि अर्ध्या मिनिटात जमलं नाही तर थांबावं. याच्या उलट एक फसवी गोष्टही आहे. पटकन सुरू होण्याची सोय चालू असलेले काही वेबओएस टीव्ही पडदा काळा असतानाही जोडणी स्वीकारतात. जोडणी झाली म्हणजे टीव्ही चालू, हे गृहीतक तिथे चुकतं. टीव्हीला स्वतःची विजेची अवस्था विचारण्याचा वेगळा निरोप असतो. उत्तरात 'ॲक्टिव्ह' आलं तर पडदा खरोखर चालू आहे, 'ॲक्टिव्ह स्टँडबाय' आलं तर टीव्ही बंद दिसतोय पण आतून जागा आहे. आजोबांच्या बटणाचा प्रोग्रॅम हा प्रश्न विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास येते. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत टीव्हीवर जे दिसतं ते केबल किंवा डिशच्या सेट-टॉप बॉक्समधून येतं. चॅनेल बदलतो तो बॉक्स. टीव्हीला 'चॅनेल पुढे' असं कितीही सांगितलं तरी काही होत नाही, कारण टीव्हीच्या दृष्टीने तिथे फक्त एचडीएमआयची एक वायर आहे. त्या वायरीतही बोलायची एक सोय असते. एचडीएमआयच्या १३ व्या पिनवर सीईसी नावाचं, अगदी धिम्या गतीचं संभाषण चालतं आणि त्याने एक यंत्र दुसऱ्याला चालू-बंद करू शकतं. पण ते दोन्ही बाजूंना यायला हवं आणि अनेक सेट-टॉप बॉक्समध्ये ते नसतं. मग वायफायला जोडलेला, अवरक्त संकेत फेकणारा छोटा डबा बॉक्ससमोर ठेवणं एवढाच मार्ग उरतो. बॉक्स तर स्वतःची अवस्था कधीच सांगणार नाही, म्हणून चॅनेलचा पूर्ण क्रमांक पाठवावा. 'पुढचा, पुढचा' असं करत गेलं की हिशेब चुकतो.

बाकीचे टीव्ही

सगळ्या कंपन्यांनी एकच भाषा ठरवली असती तर किती बरं झालं असतं. तसं झालेलं नाही.

सॅमसंगच्या टायझन या प्रणालीवर चालणाऱ्या टीव्हींशीही वेबसॉकेटवरूनच बोलतात, पोर्ट ८००२. पहिल्यांदा पडद्यावर विचारणा होते आणि टोकन, म्हणजे तशीच एक किल्ली, मिळते. पण तो मार्ग मुख्यतः बटणांचा आहे. आवाज किती आहे हे त्या वाटेने कळत नाही, त्यासाठी वेगळ्या जुन्या पद्धतीचा आधार घ्यावा लागतो. मघाशी सांगितलेला ठिसूळपणा तिथे जास्त जाणवतो. सोनीच्या ब्राव्हिया टीव्हीत तुम्ही स्वतःच टीव्हीत एक गुप्त शब्द ठरवून देऊ शकता आणि प्रत्येक विनंतीसोबत तो पाठवायचा. समजायला हे सगळ्यात सोपं.

आपल्याकडे अनेक ब्रँडचे टीव्ही अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्हीवर चालतात. त्यांची परवानगीची पद्धत मला सगळ्यांत देखणी वाटते. लायब्ररी आणि टीव्ही एकमेकांना आपापली प्रमाणपत्रं दाखवतात आणि पडद्यावर सहा अक्षरांचा कोड येतो, जो तुम्ही प्रोग्रॅममध्ये टाइप करता. त्यातल्या शेवटच्या चार अक्षरांसोबत दोन्ही प्रमाणपत्रांचा मजकूर एका गणिती प्रक्रियेतून काढला की जे उत्तर येतं, त्याची सुरुवात कोडच्या पहिल्या दोन अक्षरांशी जुळायला हवी. मधे कुणी तिसरा बसून दोघांना खोटी प्रमाणपत्रं दाखवत असेल, तर हे सहसा जुळत नाही. जोडणीची नोंदणी ६४६७ पोर्टवर होते आणि पुढचं काम ६४६६ वर चालतं.

अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या रोकू या टीव्हीच्या प्रणालीने उलट टोक गाठलं होतं. ८०६० पोर्टवर साधी वेब-विनंती पाठवायची, किल्ली नाही, विचारणा नाही. शिकायला याहून सोपं काहीच नाही. पण २०१८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी संस्थेने दाखवून दिलं की रोकूवर चालणाऱ्या आणि सॅमसंगच्या काही टीव्हींचा आवाज व चॅनेल भलताच माणूस बदलू शकतो.

घराबाहेरून

सातारा-सांगलीकडे आई-वडील आणि मुलगी डब्लिनला किंवा मुलगा बे एरियात, अशी घरं आता पुष्कळ आहेत. 'अगं, टीव्हीवर काहीतरी वेगळंच आलंय' असा फोन आला की तिथून टीव्ही नीट करता यावा, असं वाटणं स्वाभाविक आहे. वेबओएसमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात छोटी सूचना दाखवण्याचा निरोपही आहे. औषधाच्या वेळी 'बाबा, गोळी घ्या' असं मालिका चालू असतानाच दिसू शकतं.

पण त्यासाठी राउटरमध्ये जाऊन टीव्हीचा पोर्ट जगाला उघडा करून ठेवू नका. २०२४ च्या एप्रिलमध्ये बिटडिफेंडर या सुरक्षा कंपनीने वेबओएस ४ ते ७ मधल्या त्रुटी जाहीर केल्या. त्यांतली एक परवानगीच्या टप्प्यातच होती : काही निरोपांची मांडणी विशिष्ट पद्धतीने केली की घरातल्या कुणीही 'हो' न म्हणता नोंदणी होत असे. हा सर्व्हर खरं तर फक्त घरच्या नेटवर्कसाठी असतो, तरी ९१,००० पेक्षा जास्त यंत्रांनी तो इंटरनेटवर उघडा ठेवलेला त्यांना आढळला. एलजीने दुरुस्तीचे अपडेट दिले. त्याआधी २०१८ मध्ये अँड्रॉइडच्या ५५५५ पोर्टवर चालणारी, प्रोग्रॅमरसाठी असलेली सोय उघडी राहिलेल्या यंत्रांमध्ये एक घुसखोर प्रोग्रॅम पसरला होता. तो टीव्ही बॉक्सवर ठाण मांडून आभासी चलन काढायचा. म्हणून टीव्ही चालवायला ही ५५५५ ची वाट सुचवणारी लायब्ररी दिसली, तर शक्यतो टाळा. वापरायचीच वेळ आली तर काम झाल्यावर सोय बंद करा.

सुरक्षित मार्ग असा : आई-वडिलांच्या घरी छोटा कॉम्प्युटर सतत चालू ठेवायचा, लायब्ररी आणि किल्ली त्याच्यावरच राहू द्यायची आणि बाहेरून त्या कॉम्प्युटरपर्यंत वायरगार्डसारख्या खाजगी जोडणीनेच पोचायचं. होम असिस्टंट हा घरातली यंत्रं एका जागेवरून चालवण्यासाठीचा, २०१३ पासून वाढत आलेला मुक्त स्रोत प्रकल्प त्याच छोट्या कॉम्प्युटरवर बसवला, तर वर सांगितलेल्या बहुतेक लायब्ऱ्या आत तयारच असतात आणि एकही ओळ न लिहिता बटणं मांडता येतात.

आणि आई-वडिलांना आधी सांगा. कुठलं ॲप उघडं आहे हे टीव्ही प्रोग्रॅमला कळवतो, म्हणजे रात्री अकरा वाजता ते काय बघतायत हे मुलाला दुसऱ्या खंडात दिसू शकतं. पडद्यावरचा होकार एकदा दिला की टीव्ही पुन्हा विचारत नाही, त्यामुळे काय काय दिसणार आणि काय काय बदलता येणार, हे बोलणं माणसांनीच करायचं. नको असेल तर टीव्हीच्या सेटिंगमधून जोडलेली यंत्रं काढून टाकता येतात. तशी यादी सापडली नाही तर टीव्ही मूळ अवस्थेत आणला की आधीच्या किल्ल्या बाद होतात. जुना टीव्ही कुणाला देताना किंवा विकताना तर हे कराच. मग छोट्या कॉम्प्युटरवरची किल्लीची फाइलही पुसा आणि प्रोग्रॅम एकदा चालवून बघा. टीव्हीच्या पडद्यावर पुन्हा 'जोडू द्यायचं का?' असा प्रश्न आला, की जुनी किल्ली चालत नाही याची खात्री झाली.